शिंजीर

पॅसेरिफॉर्मीस गणाच्या नेक्टरिनिइडी कुलातील लहान, मकरंदभक्षी पक्ष्यांना मराठीत शिंजीर किंवा सूर्यपक्षी म्हणतात. या कुलातील सु. १५० जाती आफ्रिका, आशियाचा उष्ण प्रदेश आणि ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग यांत पसरलेल्या आहेत. महाराष्ट्रात सर्वत्र आढळणाऱ्या जाती दोन होत : जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर. त्यांपैकी जांभळा शिंजीर पानझडी वने, काटवने, शेतांचे बांध व बागा अशा कोरड्या परिसरात विशेषेकरून आढळतो. अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) पश्चिमेच्या घाटमाथ्यापासून पूर्वेच्या अवर्षणप्रवण पठारापर्यंत असे अधिवास असल्याने या पक्ष्याचा जीवनक्रम, त्याचे फुलांशी असलेले नाते आणि त्या नात्यावर झाडोऱ्यातील बदलांचा होणारा परिणाम या तिन्ही गोष्टी या जिल्ह्याच्या उदाहरणावरून चांगल्या समजतात.

जांभळ्या शिंजिराचे शास्त्रीय नाव सिनिरिस एशियाटिकस असे आहे. जॉन लॅथम या इंग्रज पक्षिविज्ञांनी १७९० मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. अरबस्तानचा पूर्व भाग, इराण, पाकिस्तान, भारत व तेथून आग्नेय आशियापर्यंत त्याचा प्रसार आहे. जांभळ्या पाठीचा शिंजीर (लेप्टोकोमा झेलोनिका) मात्र भारतीय उपखंडाबाहेर आढळत नाही. सह्याद्रीच्या ओलसर वनांत लेप्टोकोमा मिनिमा व ईथोपायगा व्हिगोर्साय या आणखी दोन जाती असून त्या पश्चिम घाटाबाहेर आढळत नाहीत. या दोन्ही जातींचे प्रथम वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केले. मुंबई सरकारच्या सेवेत असताना साइक्स यांनी पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या जिल्ह्यांची सांख्यिकी पाहणी केली होती आणि त्या निमित्ताने केलेल्या प्रवासातच त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांचे नमुने जमविले. व्हिगोर्साय हे जातिनाम त्यांनी लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेचे तत्कालीन सचिव निकोलस व्हिगर्स यांच्या सन्मानार्थ दिले.

वर्णन : जांभळा शिंजीर चिमणीहून बराच लहान, सु. १० सेंमी. लांबीचा असतो. त्याचे वजन १० ग्रॅ. पेक्षा कमी भरते. चोच काळी, बारीक, लांब व खाली वळलेली असते. विणीच्या हंगामात नर दुरून नुसता काळा दिसतो. परंतु ऊन अंगावर पडताच त्याच्या पिसांत निळी, जांभळी व हिरवट चकाकी उमटते. ही चकाकी रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म थरांवरून प्रकाशाचे परावर्तन होताना निर्माण होते. म्हणूनच पक्षी किंचित वळला तरी रंग पालटतो. पंखांच्या बगलेत पिवळ्या व नारिंगी पिसांचे झुबके असतात. एरवी ते झाकलेले असतात. मादीपुढे किंवा प्रतिस्पर्धी नरापुढे तो ते पसरून दाखवितो. मादी वरून तपकिरी-हिरवट व खालून फिकट पिवळी असते.

विणीचा हंगाम संपल्यावर नराचा तेजस्वी पिसारा गळून पडतो. त्यानंतर तो जवळजवळ मादीसारखा दिसतो; मात्र हनुवटीपासून पोटापर्यंत उतरणारी एक गडद रेघ त्याच्या अंगावर राहते. हिवाळा सरता सरता नवी पिसे येऊन तो पुन्हा पूर्ववत होतो. या संक्रमणकाळात त्याचे अंग ठिगळे लावल्यासारखे दिसते व अनेकांना ती वेगळीच जात वाटते. जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या नरात असा ऋतुबदल होत नाही. त्याच्या माथ्यावर हिरवी चकाकी, पाठीवर तांबूस तपकिरी रंग, गळ्यावर व पाठीच्या शेवटच्या भागावर जांभळी चकाकी आणि पोटावर पिवळा रंग असतो. या खुणांवरून दोन्ही जाती सहज ओळखता येतात.

चोच व जीभ : शिंजिराची जीभ लांब असून तिच्या कडा आत वळून नळी तयार झालेली असते. टोकाशी ती दुभंगलेली असते. चोचीच्या कडांवर अतिसूक्ष्म दाते असतात. फुलाच्या तळाशी साठलेल्या मकरंदापर्यंत चोच घालून हा पक्षी जिभेने तो ओढून घेतो. अमेरिका खंडांतील गुंजन पक्ष्यांतही लांब चोच, लांब जीभ व चकाकणारी पिसे दिसतात. त्यामुळे शिंजीर हे भारतातील गुंजन पक्षी होत असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. गुंजन पक्षी वेगळ्या गणातले असून पाकोळ्यांचे आप्त आहेत. सारख्या अन्नामुळे दोन भिन्न वंशांत सारखी लक्षणे उत्पन्न झाली (अभिसारी क्रमविकास), एवढेच या साम्याचे कारण. दोहोंच्या सवयींतही मोठा फरक आहे. गुंजन पक्षी हवेत एका जागी तरंगत मकरंद पितो. शिंजीरही क्षणभर पंख फडफडवीत फुलापुढे स्थिर राहू शकतो. परंतु शक्य तेथे तो फांदीवर किंवा देठावर बसूनच पितो. हा फरक फुलांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. आपल्याकडील पक्षिपरागित वनस्पतींची फुले पुष्कळदा बसण्यास जागा देणाऱ्या जाड, निष्पर्ण फांद्यांवर किंवा ताठ मंजऱ्यांवर येतात.

अन्न : मकरंदात पाणी व शर्करा भरपूर असतात, प्रथिने मात्र नगण्य असतात. त्यामुळे केवळ मकरंदावर शिंजिराचा निर्वाह होत नाही. लहान कीटक, अळ्या व कोळी तो नेहमी टिपतो. पिलांच्या वाढीला प्रथिने लागत असल्याने त्यांना मुख्यतः हेच अन्न भरविले जाते. मकरंद हे हालचालींचे इंधन आणि कीटक हे शरीराच्या घडणीचे साहित्य अशी ही विभागणी सांगता येईल. ज्या बागेत फुले आहेत पण कीटकनाशकांच्या फवाऱ्यामुळे कीटक उरलेले नाहीत, तेथे प्रौढ पक्षी मकरंद पिताना दिसला तरी पिलांचे पोषण कठीण होते.

चोच पोहोचत नाही अशा लांब नळीच्या फुलांना शिंजीर बुडाशी छिद्र पाडून मकरंद काढून घेतो. या प्रकारात केसरदले व किंजल्क (परागकण ग्रहण करणारे स्त्रीकेसराचे टोक) यांना त्याचा स्पर्श होत नाही. याला मकरंदचौर्य म्हणतात. अशा प्रकारे एकच पक्षी एका वनस्पतीचा परागवाहक तर दुसरीचा चोर असू शकतो. फुलाची घडण आणि चोचीची लांबी यांच्या मेळावर ते अवलंबून असते.

जिल्ह्यातील पुष्पक्रम : अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचे क्षेत्रफळ सु. १७,००० चौ. किमी. आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यात कळसूबाई (१,६४६ मी.) हे राज्यातील सर्वोच्च शिखर व हरिश्चंद्रगड असून घाटमाथ्यावर अतिवृष्टी होते. पूर्वेकडे व दक्षिणेकडे, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांत पाऊस फार थोडा पडतो. तेथील नैसर्गिक झाडोरा काटेरी व विरळ आहे. शिंजिराला बारमाही मकरंद लागतो. मात्र यांपैकी कोणत्याही एका भागात एकाच जातीची फुले वर्षभर नसतात. त्यामुळे तो फुलांच्या हंगामांमागून जवळपासच्या प्रदेशात स्थानिक भ्रमण करतो.

पावसाळ्यात व त्यानंतर डोंगरउतारांवर मुरूडशेंगेची लाल फुले त्याला उपलब्ध असतात. थंडीत आंबा, बाभूळ इ. झाडांवर वाढणारे बांडगूळ फुलू लागते. जानेवारीपासून काटेसावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस व त्याच सुमारास पांगारा फुलतो. खडकाळ उतारांवर धायटीच्या नारिंगी-तांबड्या फुलांचे घोस उन्हाळ्यापर्यंत टिकतात. पठारावरील माळरानात व ओढ्यांच्या काठी नेपतीच्या निष्पर्ण झुडपांवर विटकरी-लाल फुले येतात. गावांजवळ हादगा, जास्वंद व कर्दळ यांची भर पडते. यांतील पुष्कळ वनस्पती पाने झडलेली असताना फुलतात. फुले दुरून दिसावीत व पक्ष्याला अडथळा होऊ नये या दृष्टीने ही गोष्ट सोयीची ठरते. तांबडा-नारिंगी रंग, सुगंधाचा अभाव, पातळ पण विपुल मकरंद व बळकट पाकळ्या ही पक्षिपरागित फुलांची सामान्य लक्षणे यांपैकी बहुतेकांत कमीअधिक प्रमाणात दिसून येतात.

ज्या फुलावर शिंजीर बसतो त्या प्रत्येक फुलाला त्याचा सारखाच उपयोग होतो असे मात्र नाही. काटेसावरीचे फूल मोठे व पेल्यासारखे उघडे असते. त्यावर मैना, बुलबुल, कावळे इ. अनेक पक्षी येतात. शिंजिराचे अंग इतके लहान की, मकरंद पिताना ते तिच्या केसरदलांना लागेलच असे नाही. मोठे पक्षी तिला अधिक उपयोगी पडतात. पळसाची गोष्ट याच्या उलट आहे.

पळस व शिंजीर : पळसाच्या फुलात मोठी पाकळी (ध्वजक) मागे वळलेली असून होडीच्या आकाराच्या नौकातलात केसरदले व किंजल्क झाकलेली असतात. मकरंद तळाशी असतो. फुलाच्या समोरून चोच आत गेली तरच नौकातल दाबले जाऊन पराग पक्ष्याच्या अंगाला लागतात. फुलोऱ्यावर अनेक जातींचे पक्षी गर्दी करतात, म्हणून ते सर्वच परागण करीत असावेत असे पूर्वी गृहीत धरले जाई. दिल्ली विद्यापीठातील वनस्पतिवैज्ञानिकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळेच चित्र दिसले. पळसावर सहा कुलांतील सात जातींचे पक्षी आले. परंतु परिणामकारक परागण करणारा पक्षी त्यांत एकच होता व तो म्हणजे जांभळा शिंजीर. त्याच्याखेरीज खारीकडून काही परागण होत असे. इतर पक्षी मकरंद नेत, पण परागणास हातभार लावीत नसत. पळसात स्वतःच्याच परागांपासून होणारी फलधारणा काही अंशी रोखलेली असते, असेही या अभ्यासात आढळले. म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडापर्यंत नेणाऱ्या वाहकाची त्याला गरज असते. १० ग्रॅ. हूनही हलका असा हा पक्षी एका वृक्षजातीच्या बीजोत्पादनाचा प्रमुख आधार असू शकतो, हे या निष्कर्षाचे तात्पर्य होय.

बांडगूळ व शिंजीर : बांडगूळ (डेन्ड्रॉफ्थी फॅल्कॅटा) ही अर्धपरजीवी वनस्पती असून ती आश्रयवृक्षाच्या फांदीतून पाणी व लवणे शोषून घेते. आंब्यासारख्या फळझाडांचे तिच्यामुळे नुकसान होते, म्हणून शेतकरी ती तोडून काढतात. तिच्या जीवनचक्रात दोन वेगवेगळ्या पक्ष्यांचा भाग आहे. प्रख्यात पक्षिविज्ञ सलीम अली यांनी १९३१ मध्ये मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कोकणातील निरीक्षणांवर आधारलेला एक लेख लिहून हे स्पष्ट केले. तिच्या नळीसारख्या फुलांचे परागण शिंजीर करतात. तर फळे खाऊन चिकट बिया फांद्यांवर पसरविण्याचे काम फुलटोच्या हा दुसरा चिमुकला पक्षी करतो. १९३२ मध्ये त्यांनी भारतातील पुष्पभोजी पक्षी व पक्षिपरागित फुले यांवर विस्तृत लेख प्रसिद्ध केला. पक्षी व फुले यांच्या परस्परसंबंधाकडे भारतीय अभ्यासकांचे लक्ष वेधण्यात या लेखनाचा मोठा वाटा आहे.

बागाइतदाराच्या दृष्टीने बांडगूळ उपद्रवी असले, तरी हिवाळ्यात, काटेसावर व पळस फुलण्यापूर्वी, जी थोडी फुले शिंजिराला मिळतात त्यांत त्याचे स्थान मोठे आहे. फळबागेतील बांडगूळ काढणे योग्यच; परंतु रानातील व बांधावरील बाभळीवरचे बांडगूळ राहू दिल्यास कोणाचे विशेष नुकसान होत नाही.

प्रजनन : विणीचा हंगाम मुख्यतः मार्च ते मे असा असतो. या दिवसांत नर उंच फांदीच्या टोकावर बसून ‘चीविट्-चीविट्’ असा चढा आवाज भराभर काढतो. आपल्या क्षेत्रात दुसरा नर आलेला त्याला खपत नाही. खिडकीच्या काचेत किंवा वाहनाच्या आरशात दिसणाऱ्या स्वतःच्या प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून तो त्यावर वारंवार चोच मारताना दिसतो.

घरटे लांबट पिशवीसारखे असून जमिनीपासून फार उंच नसलेल्या फांदीच्या टोकाला लोंबत असते. ते मादी बांधते. गवताच्या काड्या, तंतू, वाळकी पाने, सालींचे तुकडे व अळ्यांची विष्ठा असे साहित्य ती कोळ्याच्या जाळ्याने एकत्र बांधते. कोळ्याचा धागा बळकट व लवचिक असल्याने पिले वाढतात तसे घरटे ताणले जाते, पण फाटत नाही. बाजूला प्रवेशद्वार असून त्यावर छपरीसारखा भाग पुढे आलेला असतो. बाहेरून लोंबणाऱ्या कचऱ्यामुळे वाऱ्याने अडकलेला पालापाचोळा असावा असे वाटते व शत्रूची नजर चुकते. आतून सावरीच्या कापसासारख्या मऊ पदार्थाचे अस्तर असते. मादी बहुधा दोन अंडी घालते. ती एकटीच सु. दोन आठवडे अंडी उबवते. पिलांना भरविण्यात नरही भाग घेतो. मात्र त्याचा वाटा कमी असतो. कोळ्याचे जाळे, सावरीचा कापूस, पिलांसाठी कीटक व जवळपास मकरंद अशा चार गोष्टी एका ठिकाणी असतील तरच घरटे यशस्वी होते. म्हणून नुसत्या फुलझाडांवरून या पक्ष्याच्या अधिवासाचे मोल ठरविता येत नाही.

अधिवासातील बदल : जांभळा शिंजीर दुर्मिळ झालेला नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत त्याचा समावेश सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात आहे. मानवी वस्तीशी त्याने चांगले जुळवून घेतले असून शहरातील कुंडीतल्या जास्वंदीवरही तो येतो. परंतु त्याच्या विपुलतेवरून वनांतील परागण सुरळीत चालले आहे असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. पक्षी बागेत पोट भरू शकतो. पळस मात्र बागेत येऊ शकत नाही. दोन पळस एकमेकांपासून दूर पडले आणि त्यांच्या दरम्यान पक्ष्याला थांबण्यासारखे दुसरे फुलणारे झाड उरले नाही, तर शिंजीर जिवंत राहूनही त्या झाडांच्या उपयोगी पडत नाही. शिवाय ही हानी चटकन लक्षात येत नाही. पळस मुळांपासून फुटणाऱ्या धुमाऱ्यांनीही वाढतो. त्यामुळे बी धरले नाही तरी रान हिरवे दिसते. परंतु धुमारा हा मूळ झाडाचीच आवृत्ती असतो. परपरागणाने मिळणारी विविधता त्याच्यात नसते. अवर्षण, कीड, रोग यांना तोंड देण्यास जी विविधता लागते ती हीच.

अहिल्यानगर जिल्ह्यात गेल्या शतकात भूमिउपयोगात मोठे बदल झाले. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. पुढे प्रवरा व मुळा यांच्या लाभक्षेत्रांत उसाची लागवड वाढली. १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्याने या जिल्ह्याला साखरेसाठी ख्याती मिळवून दिली. शर्करेवर जगणाऱ्या या पक्ष्याला मात्र उसाच्या फडात मकरंद मिळत नाही. शेताचा बांध रुंद असून त्यावर पळस, हादगा, बाभूळ उभी असली, तर असे सलग क्षेत्रही त्याला ओलांडता येते. बांध बोडके झाले की ते अंतर वाढते. वनीकरणातही एकाच जातीची झाडे लावल्यास फुलांचा हंगाम एकदम येतो व एकदम संपतो.

याच्या उलट उदाहरणेही या जिल्ह्यात आहेत. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी व नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावांनी पाणलोटाच्या कामाबरोबर कुऱ्हाडबंदी व चराईबंदी अंगीकारली. पाणी व चारा हे त्यामागील मुख्य हेतू होते; तथापि चराई थांबली की धायटी, नेपती, पळस यांसारख्या झुडपांना व रोपांना वाढून फुलण्याइतका अवधी मिळतो. अकोले तालुक्यात १९८६ मध्ये सु. ३६२ चौ. किमी. क्षेत्रावर कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. सह्याद्रीतील ओलसर वनांच्या पक्ष्यांना त्यामुळे आश्रय मिळाला आहे. पठारी भागातील शिंजीर व त्याची फुले मात्र बहुतांशी संरक्षित क्षेत्राबाहेर, गायराने, ओढ्यांचे काठ व बांध यांवरच आहेत.

म्हणून शिंजिराच्या संवर्धनासाठी वेगळे अभयारण्य किंवा कृत्रिम खाद्य यांची आवश्यकता नाही. वर्षातील प्रत्येक ऋतूत काही ना काही फुलत राहील असा स्थानिक झाडांचा मिश्र झाडोरा टिकविणे, बांधावरचे पळस, पांगारे व सावरी न तोडणे, फुलोऱ्यावर कीटकनाशके न फवारणे आणि मार्च ते मे या काळात घरटी असलेली झुडपे न छाटणे एवढे पुरेसे आहे. त्याचा मोबदला हा पक्षी पळसाला बी धरवून देतो. पत्रावळीची पाने, लाखेच्या किड्यांना आश्रय व रंगपंचमीचा रंग देणाऱ्या या वृक्षाच्या पुढील पिढ्या बऱ्याच अंशी या चिमुकल्या पक्ष्याच्या फेऱ्यांवर अवलंबून आहेत.